सासूबाईंची तारिल्का : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांतली चार पत्रं एकाच विषयावर आहेत, युक्रेनियन भाषेतली चॅनल्स देशाबाहेर घरच्या डिशवर कशी लावायची, म्हणून हा पूर्ण अंक त्यालाच दिलाय. मी पुण्यात बरीच वर्षं छत्र्या बसवायचं काम केलं, आता काही वर्षं जर्मनीत लेकीकडे असतो आणि इथेही ओळखीत कुणाची डिश लावायची असली की मलाच बोलावणं येतं, त्यामुळे खाली जे लिहितोय ते स्वतः पाना हातात धरून केलेलं आहे.

प्रश्न : दादा नमस्कार. मी मूळचा नाशिकचा, खार्किवला मेडिकल केलं, तिथेच लग्न झालं, आता बायको-मुलांसोबत लाइपझिगला नोकरी करतो. २०२२ पासून सासूबाई आमच्याकडे आहेत, त्या पोल्तावाच्या, वय ७४. जर्मन येत नाही. मोबाइलवर बातम्या लावून दिल्या की मध्येच कुठेतरी बोट लागतं, चॅनल जातं आणि मग त्या दुपारभर गप्प बसून राहतात. त्यांना रिमोटचं बटण दाबलं की त्यांच्या भाषेतला टीव्ही लागायला हवाय, बाकी काही नको. बिल्डिंगवर डिश आहे पण त्यावर जर्मन चॅनल्सच येतात. दुकानातला माणूस म्हणाला दीड मीटरची छत्री घ्यावी लागेल. बाल्कनी दक्षिणेला आहे, भिंतीला ड्रिल मारायला घरमालक नाही म्हणतोय. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी ती दीड मीटरची छत्री डोक्यातून काढून टाका. ८० किंवा ९० सेंटिमीटरची साधी डिश तुम्हाला पुरते, आणि बाल्कनी दक्षिणेला आहे म्हणजे अर्धं काम झालंच आहे.

बिल्डिंगवरच्या डिशवर युक्रेनियन का येत नाही ते आधी सांगतो, कारण तिथेच बहुतेक लोक अडकतात आणि उगाच नवीन बॉक्स विकत घेतात. जर्मनीतल्या जवळजवळ सगळ्या छत्र्या १९.२ अंश पूर्वेच्या ॲस्ट्रा सॅटेलाइटकडे (हे अंश म्हणजे तो विषुववृत्तावर कुठल्या रेखांशावर उभा आहे ते) तोंड करून असतात, जर्मन चॅनल्स तिथून येतात. युक्रेनियन चॅनल्स आहेत दुसरीकडे, मुख्य म्हणजे ४.८ अंश पूर्वेचा ॲस्ट्रा ४ए आणि १३ अंश पूर्वेचा हॉट बर्ड. नावात दोन्हीकडे ॲस्ट्रा आहे म्हणून फसू नका, दोन्ही आकाशात १४ अंशांहून जास्त लांब आहेत. सासूबाईंना विचारा, त्या ४.८ वाल्याला बहुतेक 'सिरियस' म्हणतील, कारण तो २००७ मध्ये वर गेला तेव्हा त्याचं नाव सिरियस ४ होतं आणि युक्रेनमध्ये अजून तेच नाव तोंडात आहे, टीव्हीच्या मेन्यूतसुद्धा कधी हे कधी ते नाव दिसतं. तिकडे गावोगावी घरांवर एकाच छत्रीवर तीन डोकी, म्हणजे सिग्नल पकडणारे एलएनबी, लावलेली असायची, आमोस, सिरियस आणि हॉट बर्ड, मधे सिरियस. आणि छत्रीला ते म्हणतात तारिल्का, म्हणजे ताटली, जेवायची असते तीच.

तुम्ही दोन डोकी लावा, ४.८ आणि १३. एकावर का भागवू नये ते पुढच्या पत्रात येतंय.

आता सामान. ८० ची ऑफसेट डिश (डोकं मधोमध नसून खालच्या बाजूला असतं ती), दोन युनिव्हर्सल एलएनबी, दुसरा एलएनबी बाजूला धरायला मल्टिफीडची पट्टी, दोन डोक्यांतलं हवं ते टीव्हीला जोडून देणारा एक छोटा डायसेक स्विच, चांगली ७५ ओहमची केबल आणि तिच्या टोकांना लावायचे एफ कनेक्टर, बास. वेगळा बॉक्स घ्यायच्या आधी टीव्हीच्या मागे बघा, युरोपात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच टीव्हींमध्ये सॅटेलाइटचा ट्यूनर आतच असतो, आणि तो असला तर सासूबाईंना एकच रिमोट पुरतो, ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्या अनुभवात म्हाताऱ्या माणसांचा टीव्ही बंद पडतो तो दोन रिमोटमुळे, सिग्नलमुळे नाही.

घरमालकाचं. १९९४ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने असं धरलंय की परदेशी भाडेकरूला आपल्या देशाची बातमी मिळवायचा हक्क आहे आणि डिशला नाही म्हणताना तो विचारात घ्यायलाच हवा, पण हल्ली इंटरनेट आहे म्हणून कोर्टं प्रत्येक केस वेगळी बघतात, त्यामुळे भांडायला जाऊ नका. साधं पत्र लिहा की भिंतीला हात लावणार नाही, डिश बाल्कनीत स्टँडवर ठेवणार, बाहेर डोकावणार नाही. बहुतेक मालक यावर हो म्हणतात. स्टँडवर फुटपाथच्या ५० बाय ५० च्या सिमेंटच्या दोन फरश्या ठेवा, एक साधारण २८-३० किलोची असते, दोन ठेवल्या की वाऱ्याला काही हलत नाही. केबल आत घ्यायला खिडकीच्या फटीतून जाणारी चपटी केबल मिळते, भोक पाडायची गरज नाही. अर्थिंगचंही विचाराल म्हणून सांगतो, डिश छपराच्या कडेपासून किमान दोन मीटर खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असेल तर इथल्या नियमाने अर्थिंग लागत नाही, बाल्कनीतली डिश सहसा त्यातच बसते.

आता दिशा. इथे मी स्वतः पहिल्यांदा आलो तेव्हा पुण्याची सवय आड आली. पुण्यात टाटा प्लेची छत्री ८३ अंशाकडे बघते, म्हणजे क्षितिजापासून जवळजवळ ६६ अंश वर, डिश आकाशाकडे तोंड करून मागे रेललेली दिसते. लाइपझिगला हॉट बर्ड फक्त ३१ अंश वर आहे. त्यात ऑफसेट डिशचा बाक सुमारे २५ अंशांचा, त्यामुळे इथली छत्री जवळजवळ सरळ उभी दिसते, समोरच्या घराकडे बघतेय असं वाटतं. ते चुकलेलं नाही, तसंच असतं. मागे रेलवत बसाल तर रात्र होईल आणि काही मिळणार नाही.

हॉट बर्ड तुमच्या गावावरून बरोब्बर दक्षिणेला आहे, अगदी एक अंशसुद्धा इकडे तिकडे नाही, कारण लाइपझिग १२ अंश पूर्वेच्या थोडं पुढे आहे आणि तो १३ वर. हे तुमचं नशीब समजा. मोबाइलच्या होकायंत्रावर अवलंबून राहू नका, लोखंडी कठड्याजवळ ते काहीही दाखवतं, आणि नीट चाललं तरी चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात तिथे चार-पाच अंशांचा फरक आहे. त्यापेक्षा सूर्य बघा. उन्हाळी वेळ चालू असताना दुपारी सव्वाच्या आसपास तुमच्याकडे सूर्य दक्षिणेला येतो, नेमकी मिनिटं ऋतूप्रमाणे थोडी पुढेमागे होतात. एक काठी सरळ उभी धरा, सावली पडेल ती उत्तर, तिच्या उलट दक्षिण, बाल्कनीच्या फरशीवर खडूने रेघ मारून ठेवा. ही रेघ पुढे दोन तास उपयोगी पडते.

पहिल्यांदा एकच एलएनबी मधल्या जागेवर लावा आणि हॉट बर्ड शोधा, कारण तो जोरदार आहे आणि शेकडो चॅनल्स आहेत, सापडला की जिवात जीव येतो. टीव्हीच्या मेन्यूत दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथकडे बघूच नका, ती नुसती केबल जोडली तरी वर जाते. क्वालिटी बघा. आणि सावकाश, म्हणजे खरंच सावकाश. ८० च्या डिशला एक अंश म्हणजे कडेला फक्त सात मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढंही नाही, आणि एक अंश चुकला की निम्मा सिग्नल गेला. तीन मिलिमीटर सरकवा, हात काढा, तीन सेकंद थांबा, टीव्हीकडे बघा, मग पुढचे तीन. टीव्हीला सिग्नल ओळखायला वेळ लागतो, लोक गरागरा फिरवतात आणि सॅटेलाइटवरून दहा वेळा पुढे निघून जातात. एक माणूस डिशपाशी, एक टीव्हीपाशी, मुलांना आकडा ओरडून सांगायला लावा, त्यांना मजा येते.

हॉट बर्ड मिळाला की मग डिश पश्चिमेकडे वळवायची, साडेदहा अंश. हात लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते, तेवढं. डिशच्या कडेला ते सव्वासात सेंटिमीटर होतं, आणि उंची अगदी किंचित कमी, अर्ध्या अंशाच्या आत. वाटेत ९ अंशाचा आणि ७ अंशाचा असे दोन सॅटेलाइट लागतात, ७ वर तुर्की चॅनल्सची नावं दिसतील, ती दिसली की घाबरायचं नाही, उलट बरं, थोडं आणखी पुढे जायचंय एवढंच. स्कॅन झाल्यावर यादीत युक्रेनियन अक्षरं दिसली, त्यात मधे मधे टिंबवाला 'і' दिसला, की समजा पोचलात, रशियनमध्ये ते अक्षर नसतं.

४.८ मधे ठेवायचा कारण तो तुमच्याकडे जरा कमी जोराचा येतो, आणि मधल्या डोक्याला डिशचा पूर्ण फायदा मिळतो. हॉट बर्ड बाजूला चालतो. आता बाजूला म्हणजे कुठल्या, इथे आरशासारखं उलटं आहे. डिशच्या मागे उभं राहून दक्षिणेकडे बघितलं तर हॉट बर्ड आकाशात डावीकडे, म्हणून त्याचा एलएनबी उजवीकडे, मधल्यापासून सात-आठ सेंटिमीटरवर, आणि उंचीला दोन-चार मिलिमीटर खाली, कारण आकाशात तो थोडा वर आहे. एलएनबी पट्टीवर सरकवत क्वालिटी बघा, डिशला आता हात लावायचा नाही. मधला डायसेकच्या पहिल्या भोकाला, बाजूचा दुसऱ्या, आणि टीव्हीत तसंच सांगा. केबल जोडताना टीव्हीचा प्लग काढून ठेवा, कारण वरच्या डोक्याला १३ आणि १८ व्होल्ट याच केबलमधून जातात आणि केबलच्या बाहेरच्या जाळीची एक तार जरी मधल्या तारेला लागली तरी शॉर्ट होतं. एफ कनेक्टर लावताना ती जाळी भिंगाखाली बघावी इतकी नीट मागे वळवा. बाहेरच्या केबलला एलएनबीजवळ खाली एक वळसा ठेवा म्हणजे पाणी तिथून टपकून जातं, आत शिरत नाही.

नेमक्या फ्रिक्वेन्सी मी मुद्दाम देत नाहीये, चॅनल्स जागा बदलत असतात, पूर्ण स्कॅन मारा. २०२० च्या जानेवारीत तिकडच्या मोठ्या खाजगी समूहांनी सॅटेलाइटवरची चॅनल्स कोड केली होती, म्हणजे पैसे भरल्याशिवाय दिसायची नाहीत, मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचा हल्ला झाला तेव्हा बातम्यांसाठी उघडली, आणि सगळ्यांनी मिळून 'येदिनी नोविनी' म्हणजे एकत्र बातम्या असा चोवीस तासांचा कार्यक्रम सुरू केला. त्यामुळे कार्ड वगैरे कुणी विकायला आलं तर आधी फुकट काय दिसतंय ते बघा. अजून एक, यादीत 'फ्रीडम' नावाचं चॅनल सापडेल, ते युक्रेनचंच सरकारी आहे पण बोलतं रशियन. सासूबाई पोल्तावाच्या आहेत, प्रमाण युक्रेनियन भाषेचा पाया तिकडच्याच बोलीवर आहे, त्यांना आपली भाषा ऐकायची असेल तर 'सुस्पिल्ने' पहिल्या नंबरला ठेवा, ते तिकडचं सार्वजनिक प्रसारण.

आणि शेवटचं काम, ज्याला अर्धा तास लागतो आणि जे कुणी करत नाही. स्कॅनमध्ये हजारभर चॅनल्स येतील, ती सगळी सासूबाईंसमोर ठेवू नका. फेव्हरिटची यादी करा, सहा-सात चॅनल्स, १ ते ७ नंबर, टीव्ही चालू केला की तीच यादी उघडेल असं सेट करा, आणि नंबर-नावं त्यांच्या लिपीत जाड अक्षरात लिहून रिमोटच्या मागे चिकटवा. माझ्या लेकीच्या शेजारी एक आजी आहेत खेर्सोनच्या, त्यांच्याकडे मी हे केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डिशचे नट परत आवळायला गेलो होतो, आठ वाजले आणि टीव्हीवर मेट्रोनोमसारखी टिकटिक सुरू झाली, आजी हातातलं बटाट्याचं साल तसंच ठेवून उठून उभ्या राहिल्या, मीही पाना खाली ठेवला. तिकडे रोज सकाळी नऊला गेलेल्यांसाठी एक मिनिट शांतता पाळतात, मार्च २०२२ पासून, आणि युक्रेन जर्मनीच्या एक तास पुढे आहे म्हणून इथे आठ. मिनिट संपल्यावर त्यांनी परत साल काढायला घेतलं आणि मला म्हणाल्या आधी मोबाइलवर ही वेळ त्यांना कधी सापडायची नाही. तुमच्याकडे आठच्या आत टीव्ही लागेल असं बघा.

प्रश्न : काका, मी सांगलीची, पोलंडमध्ये व्रोत्सवाफला मास्टर्स करतेय. फ्लॅटमध्ये दोघी युक्रेनियन मैत्रिणी आहेत, ल्विवच्या. तुम्ही पूर्वी लिहिलेल्या पद्धतीने आम्ही जुनी डिश ४.८ कडे वळवली आणि महिनाभर छान चाललं, पण मग मधेच पडदा काळा व्हायला लागला, आणि एकदा तर भलताच कार्यक्रम दिसला, मैत्रीण रडायलाच लागली, तिला वाटलं तिकडे काहीतरी मोठं झालं. आम्ही नट सैल करून परत फिरवली तर आता काहीच येत नाही. आमचं काय चुकलं?

उत्तर : अगं, तुमचं काहीच चुकलं नव्हतं, फक्त नट सैल केलेत तेवढं सोडून.

सॅटेलाइट म्हणजे विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर टांगलेला आरसा धर. जमिनीवरून जे पाठवतात ते तो फ्रिक्वेन्सी बदलून आणि जोर वाढवून खाली फेकतो, आत काय आहे ते तो बघत नाही. त्याच फ्रिक्वेन्सीवर कुणी दुसऱ्याने जास्त जोरात पाठवलं तर खालच्यांना एकतर काळा पडदा दिसतो नाहीतर त्या दुसऱ्याचा कार्यक्रम. ४.८ वर २०२४ मध्ये हे पुन्हापुन्हा झालं, ९ मे २०२४ ला तर काही युक्रेनियन चॅनल्सवर मॉस्कोची परेड दिसली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेकडे युरोपातल्या देशांनी तक्रार केली, तेव्हा ही लुडबुड मॉस्को, कालिनिनग्राद आणि पाव्लोव्का इथल्या रशियन केंद्रांकडून होत असल्याचं तिथे नोंदलं गेलं. तुझ्या मैत्रिणीला हे सांग, नीट समजावून सांग, कारण घरात बसून आपल्या चॅनलवर असं काही बघणं किती भयंकर असेल याची मला कल्पना आहे, आणि ते घरातल्या छत्रीवर नाही तर वर झालं हे कळलं की माणसाला थोडा धीर येतो.

हे जॅमिंग, म्हणजे असा मुद्दाम घातलेला अडथळा, आहे की आपली डिश सरकली हे ओळखायचं कसं. त्याच सॅटेलाइटवरचं दुसऱ्या कुठल्यातरी फ्रिक्वेन्सीवरचं चॅनल लाव, काहीही. ते स्वच्छ दिसतंय आणि फक्त युक्रेनियन गेलीत तर डिशला हात लावायचा नाही, थांबायचं. सगळंच गेलं असेल तर मग डिश, केबल, पाणी, बर्फ बघायचं. मी घरोघरी हेच एक वाक्य कागदावर लिहून टीव्हीजवळ चिकटवतो.

आणि म्हणूनच दोन डोकी. या सगळ्यामुळे बरीच युक्रेनियन चॅनल्स हॉट बर्डवरसुद्धा ठेवली गेली, एकीकडे गेलं की दुसरीकडे बघायचं. तुमच्यासाठी तर हे फार सोपं आहे, पोलंडमधल्या पे टीव्हीच्या छत्र्या आधीपासून १३ अंशाच्या हॉट बर्डकडेच बघतात, म्हणजे ती जुनी डिश न वळवतासुद्धा तुम्हाला थोडी चॅनल्स मिळाली असती. आता असं करा, डिश परत हॉट बर्डवर आणा, शेजारच्या दोन-तीन छत्र्या कुठे बघतात ते खिडकीतून बघून त्याच दिशेला धरा, बहुतेक तिथेच सापडेल. तो मधे पक्का झाला की मग बाजूला दुसरा एलएनबी लावून ४.८ घ्या. वर नाशिकच्या वाचकांना मी ४.८ मधे ठेवायला सांगितलंय, पण तुम्ही पूर्वेकडे आहात, ९० ची डिश असेल तर ४.८ बाजूलाही चालून जातो, आणि पहिल्यांदा करणाऱ्या हातांना हॉट बर्डपासून सुरुवात बरी. डिशच्या मागे उभं राहिलं की ४.८ चा एलएनबी हॉट बर्डच्या डावीकडे येईल.

नट पक्के झाले की खांबावर पर्मनंट मार्करने रेघ ओढून ठेव, डिशच्या पट्ट्यावर आणि खांबावर मिळून एकच रेघ. पुढे कधी शंका आली तर दोन्ही तुकडे जुळलेत का एवढंच बघायचं.

प्रश्न : चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोहून लिहितोय. फेब्रुवारीत एका तंत्रज्ञाकडून डिश बसवून घेतली, उत्तम चालली, मे महिन्यापासून युक्रेनियन चॅनल्स तुकडे तुकडे दिसतात, पाऊस आला की बंद. तो म्हणतो एलएनबी बदला. शेजारच्या युक्रेनियन कुटुंबासाठी केलेलं आहे, त्यांचा अजून खर्च नको वाटतो.

उत्तर : एलएनबी बदलू नका, आधी डिशच्या पुढे जाऊन उभे राहा आणि वर बघा. फेब्रुवारी ते मे यात एकच गोष्ट बदलते, झाडाला पानं येतात. ओली पानं या लहरी अक्षरशः पिऊन टाकतात, म्हणून पावसात पूर्ण बंद. हिशोब सोपा आहे, तिथे डिश साधारण ३२-३३ अंशावर बघते, म्हणजे झाड दहा मीटर लांब असेल तर डिशपेक्षा सहा मीटर उंचीपर्यंत चालतं, त्याच्या वर गेलं की आड येतं. डिश दीड-दोन मीटर बाजूला नेली तरी बऱ्याचदा वाट मोकळी होते. आणि एक पाहून ठेवा, तुमच्याकडच्या बऱ्याच छत्र्या २३.५ अंशाकडे असतात, शेजारची छत्री बघून दिशा धरली असेल तर तिथूनच गोंधळ व्हायचा.

प्रश्न : कोथरूडहून. आमची वहिनी विनित्सियाची आहे, दादा तिकडे शिकायला होता. लग्नानंतर ती इथे आली, मराठी छान बोलते, पण आईशी फोन झाला की नंतर म्हणते घरात माझ्या भाषेचा टीव्ही असता तर. तिच्या वाढदिवसाला गच्चीवर डिश लावून द्यायचा विचार आहे. आमच्या टाटा प्लेच्या छत्रीलाच दुसरं डोकं लावून चालेल का?

उत्तर : तुमचा विचार फार चांगला आहे, पण ही भेट डिशने होणार नाही, हे स्पष्ट सांगतो म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत.

पुण्याच्या गच्चीवरून हॉट बर्ड आकाशात आहे बरं का, पश्चिमेला, सुमारे १९ अंश वर, आणि ४.८ वाला त्याहून खाली, ११ अंशाच्या आसपास, म्हणजे कोथरूडला समोर बिल्डिंग नसेल तर दोघांकडे रेघ मारता येईल. पण आकाशात असणं आणि सिग्नल येणं वेगळं. सॅटेलाइट सगळीकडे सारखा प्रकाश टाकत नाही, त्याचा झोत ठरलेल्या प्रदेशावर असतो, आणि यांचा झोत युरोपवर आहे. आपल्याकडे जे सांडतं त्यात घरगुती डिशने चित्र होत नाही. टाटा प्लेची छत्री ८३ अंशाकडे, फ्री डिशची ९३.५ कडे, आणि हे ४.८ किंवा १३, बाजूला पट्टी लावून ७०-९० अंशांचा फरक कुठलंच डोकं भरून काढत नाही. कुणी मोठी डिश लावून देतो म्हणाला तर पैसे आगाऊ देऊ नका.

त्यापेक्षा इंटरनेट. सुस्पिल्नेच्या बातम्या यूट्यूबवर थेट असतात, टीव्हीत यूट्यूब असेल तर तेवढंच पुरे, नाहीतर टीव्हीमागे लावायची साधी अँड्रॉइड स्टिक घ्या. पण नाशिकच्या वाचकांना जे रिमोटबद्दल सांगितलं तेच इथे करा, पहिल्या स्क्रीनवर तिची चार-पाच चॅनल्स मांडून द्या, तिचा कीबोर्ड युक्रेनियन करून ठेवा म्हणजे शोधताना तिला इंग्रजीत टाइप करावं लागणार नाही, आणि टीव्हीच्या मेन्यूची भाषा बदलता येते का बघा, बऱ्याच टीव्हीत युक्रेनियन असते. वाढदिवसाच्या आदल्या रात्री ती झोपल्यावर हे सगळं लावा. सकाळचं ते एक मिनिट तिला बघायचं असेल तर आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकराला लागेल आणि त्यांची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटी मागे गेली की साडेबाराला, तिच्या आईकडचं घड्याळ हॉलमधल्या घड्याळाशेजारी लावून टाका.